डाव्या हिरडीतली गाठ

गाठ पहिल्यांदा माझ्याच बोटाला लागली. सकाळी मशेरी लावताना बोट रोज ज्या वाटेने फिरायचं त्याच वाटेवर, खाली डावीकडे, शेवटच्या दाढेच्या मागे हरभऱ्याएवढं काहीतरी मऊ होतं. दुखत नव्हतं. मी चूळ भरली, डबा घेतला आणि चाकणला जाणारी कंपनीची बस पकडली.

मशेरीचं आधीच सांगून टाकते, कारण पुढच्या सगळ्या भांडणाचं मूळ तिच्यात आहे. तंबाखू तव्यावर काळी होईस्तोवर भाजायची, तिची पूड करायची आणि तिने दात घासायचे. बीडकडच्या आमच्या गावात आई लावायची, आत्या लावायची. मी चौदाव्या वर्षी लावायला लागले आणि लग्न होऊन पुण्याजवळ चिखलीला आले तरी ती सुटली नाही. मुलगी प्राजक्ता शाळेत असताना एकदा म्हणाली, "आई, ही तंबाखूच आहे. आम्हाला पुस्तकात आहे." त्या दिवसापासून डबी मी न्हाणीतल्या फळीवर, साबणाच्या खोक्यामागे ठेवायला लागले. लपवायला लागले म्हणजे मला कळत होतंच.

कंपनीत मी तपासणीच्या टेबलावर आहे. गाड्यांना लागणारे रबरी सील दिव्याखाली धरून फिरवायचे, चिरलेला, फुगलेला दिसला की लाल ट्रेमध्ये टाकायचा. सतरा वर्षं हेच काम. दुसऱ्याच्या मालातला केसाएवढा दोष पकडणारी मी, स्वतःच्या तोंडातली गाठ तीन महिने वाढू दिली. ती सुपारीएवढी झाली. भाकरी चावताना रक्त यायला लागलं. आणि खरं सांगायचं तर त्या काळात मी मशेरी वाढवली. लावली की जागा बधिर व्हायची, बरं वाटायचं.

दातांचे डॉक्टर

शेवटी यांनी, म्हणजे माझ्या नवऱ्याने, रविवारी मला गाडीवर बसवलं आणि चिखलीतल्याच एका दातांच्या डॉक्टरांकडे नेलं. हे भोसरीत एका वर्कशॉपमध्ये टर्नर आहेत. बोलणं कमी. डॉक्टर तरुण होते. आरसा आत घालून बराच वेळ बघत राहिले.

"काकू, तंबाखू वगैरे?"

"नाही," मी म्हटलं.

हे भिंतीवरच्या दातांच्या चित्राकडे बघत होते. तसंच बघत म्हणाले, "मशेरी लावती, डॉक्टर. लहानपणापासून."

मला इतकी लाज वाटली की यांचा रागच आला. आज वाटतं, त्या दिवशी ते गप्प बसले असते तर मी आणखी दोन महिने घालवले असते. तुम्ही डॉक्टरांसमोर बसाल तेव्हा खोटं बोलू नका. आणि तुमच्या माणसाने खरं सांगितलं तर त्याच्यावर चिडू नका.

पंधरा दिवस गोळ्या झाल्या. गाठ होती तशीच. मग डॉक्टरांनी तिचा छोटा तुकडा काढला. रक्त थांबता थांबेना, तासभर कापूस दाबून बसले. रिपोर्ट आला: जुनी सूज, कॅन्सरच्या पेशी दिसत नाहीत. मी त्या दिवशी घरी शिरा केला. संध्याकाळी डॉक्टरांचा स्वतःहून फोन आला. "काकू, रिपोर्ट चांगला आहे, पण गाठ मला चांगली वाटत नाही. तुकडा फार वरवरचा निघाला असेल. पिंपरीला मोठ्या हॉस्पिटलमध्ये दाखवा. उद्याच."

कढईतला शिरा निम्मा तसाच राहिला.

प्राजक्ता

पिंपरीच्या हॉस्पिटलात तोंडाच्या सर्जननी तपासलं. मोठे, शांत गृहस्थ. त्यांनी मशेरीचं विचारलं, आणि या वेळी मीच सांगितलं. ते म्हणाले, "तंबाखूने होतो तो कॅन्सर असण्याची शक्यता जास्त वाटते. तसं निघालं तर जबड्याचा एवढा भाग काढावा लागेल." त्यांनी स्वतःच्याच गालावर कानापासून हनुवटीपर्यंत बोट ओढून दाखवलं. "पण आधी नमुना पुन्हा घेऊ. या वेळी सुईने."

प्राजक्ताने हिंजवडीच्या ऑफिसातून सुट्टी काढली होती. घरी आल्यावर सरळ न्हाणीत गेली, साबणाच्या खोक्यामागची डबी काढली आणि माझ्यासमोर ओट्यावर ठेवली. म्हणजे तिला जागा सगळा वेळ माहीत होती.

"हे तू स्वतःच्या हाताने केलंस, आई. मी सहावीत होते तेव्हापासून सांगतेय."

तिने डबी कचऱ्यात रिकामी केली, धुतली आणि तीही टाकून दिली. पुढचे चार दिवस ती माझ्याशी कामापुरतं बोलली. फाइल लावली, तारखा घेतल्या, मऊ भात शिजवला. पण माझ्या तोंडाकडे बघायची नाही.

"पोरीला बोलू दे," हे म्हणाले. "भ्यायली ती. तू कशाला रडायलीस?"

त्या दिवसांत मी आरशासमोर उभी राहून डावा जबडा हाताने झाकून बघायची. अर्ध्या तोंडाची बाई कशी दिसेल, कशी जेवेल, कंपनीत लोक काय म्हणतील. टेबलावरच्या बायकांना मी दाढ काढायची आहे असं सांगून ठेवलं होतं. आणि एवढं सगळं असूनही सकाळी उठलं की हात न्हाणीतल्या त्या फळीकडे जायचा. तलफ काय असते ते मला त्या चार दिवसांत कळलं.

तळमजला

सुईने नमुना घ्यायची खोली तळमजल्यावर, रक्त काढतात त्याच्या शेजारी. तिथे पॅथॉलॉजिस्ट मॅडम होत्या. साधारण माझ्याच वयाच्या, चष्मा डोक्यावर चढवलेला. त्यांनी जुना रिपोर्ट दोनदा वाचला आणि मला म्हणाल्या, "ताई, कागद राहू द्या. गाठ कुठे आहे ते तुम्ही तुमच्या बोटाने दाखवा."

मी दाखवलं. सुई बारीक होती, पण हिरडीत जाताना डोळ्यांतून पाणी आलं. आलेला थेंब त्यांनी काचेवर घेतला, दुसऱ्या काचेने पसरवला, निळसर रंगात बुडवला आणि त्याच खोलीतल्या मायक्रोस्कोपवर जाऊन बसल्या. माझ्याकडे त्यांची पाठ होती. मी त्यांचा हात बघत होते. काच सरकत होती, सरकत होती आणि एका जागी थांबली. सतरा वर्षं टेबलावर बसल्यावर एवढं कळतं. काही सापडलं की हात थांबतो.

त्या परत आल्या. "अजून एकदा घेऊ का? थोडं खोलातून."

दुसऱ्यांदा घेतल्यावर मी विचारलं, "मॅडम, खराब आहे?"

त्यांनी स्टूल ओढलं आणि माझ्यासमोर बसल्या. "खोटं बोलणार नाही. साधी सूज वाटत नाही मला. पण तुम्हाला ज्याची भीती घातली आहे, तेही यात दिसत नाही. मी सर्जनशी बोलते, ते एक चांगला तुकडा काढून देतील. त्यावर काही खास तपासण्या करू. खात्री झाल्याशिवाय मी नाव घेणार नाही. तेवढे दिवस द्याल?"

आजवर मला कुणी असं विचारलं नव्हतं. सगळे सांगत होते. मी म्हटलं, "देते."

नाव

सर्जननी तुकडा काढला आणि आठवड्याने बोलावणं आलं. सर्जनच्या खोलीत आम्ही तिघं बसलो, आणि त्या मॅडम स्वतः जिना चढून वर आल्या. सर्जन म्हणाले, "यांनीच पकडलंय, यांनाच सांगू द्या."

गाठीचं नाव प्लाझ्मासायटोमा. मला ते नीट म्हणायला महिना लागला. मॅडमनी सांगितलं ते मी समजले तसं सांगते. आपल्या शरीरात जंतूंशी लढणाऱ्या काही पेशी असतात. त्यातलीच एक जात बिघडून एका जागी वाढत सुटते, त्याची ही गाठ. हिरडीला सूज आली तरी याच पेशी जमतात, म्हणून पहिल्या वेळी वरवरच्या तुकड्यात सूजच दिसली. "हा कॅन्सरच आहे, ताई," त्या म्हणाल्या. "पण नेहमीचा तोंडाचा कॅन्सर हा नाही. हिरडीत तर फार क्वचित सापडतो."

हा कॅन्सरच आहे, एवढं वाक्य ऐकल्यावर माझे कान बंद झाले. यांनी माझा हात धरला. चारचौघांत यांनी हात धरला असं लग्नात सोडून कधी झालं नव्हतं.

मग सर्जन बोलले. "याचा फायदा ऐका. ही गाठ रेडिएशनला चांगली दाद देते. जबड्याला मी हात लावणार नाही."

"म्हणजे कापायचं नाही?" प्राजक्ताने विचारलं.

"नाही. फक्त ही एकच गाठ आहे की हाडांमध्येही काही आहे, तेवढं तपासायचं. एकच असेल तर बरं होण्याची आशा चांगली आहे."

प्राजक्ता मॅडमकडे वळली. "हे मशेरीमुळे झालं का?"

मी खाली बघितलं. मॅडम म्हणाल्या, "या गाठीचा मशेरीशी संबंध असल्याचं आम्हाला माहीत नाही. पण म्हणून मशेरी निर्दोष ठरत नाही. ज्या कॅन्सरची सर्जनना शंका आली, तो तिच्यानेच होतो आणि इथे रोज येतो. सुटली असेल तर सुटलेलीच राहू द्या."

परतताना आमची रिक्षा ट्रकांच्या रांगेत अडकली. प्राजक्ता माझ्या शेजारी होती. ती म्हणाली, "आई, मी तुला जे बोलले..."

"बोललीस ते बरोबरच होतं," मी म्हटलं. "फक्त चुकीच्या गाठीला बोललीस."

आधी हे हसले. मग ती हसली आणि माझ्या खांद्यावर डोकं टेकून रडली. रिक्षावाल्याने आरशातून बघितलं आणि रेडिओचा आवाज कमी केला.

हाडं

कमरेच्या हाडातून नमुना घेतला. सगळ्या शरीराचा स्कॅन झाला, रक्त झालं, लघवी झाली. या सगळ्या काळात मला धीर देणारे हे, स्कॅनच्या खोलीबाहेर बसून फाइलचा प्लास्टिकचा कोपरा दुमडत होते. मी बाहेर आले तेव्हा तो कोपरा तुटून त्यांच्या हातात आला होता. "बघू, काय व्हतंय," एवढंच म्हणाले.

निकाल प्राजक्ताच्या फोनवर यायचा होता. पाचव्या दिवशी संध्याकाळी तिचा फोन आला. मागून नुसते हॉर्न.

"आई, हाडं स्वच्छ आहेत. एकच गाठ आहे. एकच."

"तू आहेस कुठे?"

"रस्त्यात. कॅब हलतच नव्हती, उतरले. आत सगळे ऑफिसचे होते आणि मला रडायचं होतं."

ती हिंजवडीच्या त्या गर्दीतून पाऊण तास चालत आली, मुख्य रस्त्याला लागली आणि तिथून बस पकडून घरी आली. आल्या आल्या पायांना फोड आलेले दाखवले. मी तिच्या पायांना खोबरेल लावलं. आजारी कोण होतं ते त्या संध्याकाळी आम्ही विसरलो होतो.

पाच आठवडे

रेडिएशन सोमवार ते शुक्रवार, पाच आठवडे. त्याआधी दोन किडलेल्या दाढा काढल्या, कारण नंतर त्या काढणं अवघड होतं. मग मुखवटा बनवला. कोमट पाण्यातून काढलेली प्लास्टिकची जाळी चेहऱ्यावर ठेवून दाबतात, ती थंड होताना तुमच्या नाकागालाचा आकार घेते. रोज तोच मुखवटा घालून टेबलाला अडकवतात, म्हणजे डोकं हलत नाही. दुखत काहीच नाही, पण बांधून ठेवल्यासारखं वाटतं. "काही वाटलं तर हात वर करा," तिथला माणूस म्हणाला. पहिल्या दिवशी मी मशीन सुरू व्हायच्या आतच हात वर केला. त्याने जाळी काढली, पाणी दिलं. दुसऱ्यांदा मी डोळे मिटले आणि मनात सील मोजायला घेतले. शंभराच्या आत संपलं.

बाहेरच्या बाकावर रोज चाकणच्या कांदा मार्केटातले एक म्हातारे आडते भेटायचे. घशाचा आजार, आवाज नुसता घोगरा. मला तोंड आलं तेव्हा त्यांनीच सांगितलं, "मावशे, गरम न्हाई, आंबट न्हाई. मुगाचं पाणी गार करून घ्या, वर तूप. आमी बी तेच खातो." डॉक्टरांनी मीठ-सोड्याच्या गुळण्या सांगितल्या होत्या, त्या आणि हे मुगाचं पाणी, यांच्यावर तिसरा आणि चौथा आठवडा निघाला. चव पूर्ण गेली. पेज ओल्या कागदासारखी लागायची. मानेची डावी बाजू काळवंडली.

यांनी आयुष्यात चहा केला नव्हता. आता वर्कशॉपमध्ये रजा टाकून मिक्सरमध्ये खिचडी फिरवत होते, गाळत होते. "साखर टाकू का मीठ?" विचारायचे. मी म्हणायची, "काहीही टाका, सारखंच." आणि स्वतःही तेच खायचे. मला एकटीला ते खावं लागू नये म्हणून.

एक दिवस मात्र मी वाईट वागले. वाटी समोर आली आणि माझं डोकंच फिरलं. "तुम्हाला काय जातंय? तुमचं तोंड शाबूत आहे," असं बोलून वाटी ढकलली. सगळं त्यांच्या शर्टावर सांडलं. ते उठले आणि जिन्यात जाऊन बसले. मी आत बसून राहिले. माफी मागायला तोंड उघडवत नव्हतं, दोन्ही अर्थांनी. थोड्या वेळाने आले, शर्ट बदलला, दुसरी वाटी भरली, पंख्याखाली धरून गार केली. "आता घे," म्हणाले. मी घेतली. त्या दुपारी त्यांना मी बळेच शेजारणीकडे भाकरी-कालवण खायला पाठवलं. आजारी माणसाचं लहरीपण घरचे सोसतात, पण त्यांनाही भूक असते. हे लिहून ठेवतेय, कारण हे कुणी सांगत नाही.

कल्पना

शेवटच्या आठवड्यात टेबलावरची कल्पना घरी आली. चाकणजवळच्या गावातली, माझ्या शेजारची खुर्ची तिची. मी पदर मानेवर ओढून घेतला आणि पुन्हा दाढेचं सांगायला लागले. ती ऐकत राहिली. मग म्हणाली, "दाढ काढल्यावर मान काळी व्हत न्हाई, ताई."

तिने पिशवीतून केळी काढून ठेवली, आणि हळूच म्हणाली, "मी बी मशेरी लावती. गालात आतून पांढरं झालंय. कुनाला दाखवलं न्हाई."

तेव्हा मी तिला सगळं सांगितलं. बोटाला लागलेल्या गाठीपासून मुखवट्यापर्यंत. कॅन्सर हा शब्द मी घराबाहेरच्या माणसापुढे पहिल्यांदा उच्चारला, आणि छत कोसळलं नाही. शनिवारी प्राजक्ता तिला त्या दातांच्या डॉक्टरांकडे घेऊन गेली. तिचा डाग अजून धोक्याचा नव्हता. मशेरी बंद आणि दर तीन महिन्यांनी दाखवायचं, एवढ्यावर निभावलं. आता टेबलावरच्या आणखी दोघींनी सोडली आहे. एकीने सोडली म्हणते, पण मला तिच्या बोटाचा वास येतो. मी तिला हसत नाही.

परत तळमजल्यावर

रेडिएशन संपून तीन महिन्यांनी तपासणी झाली. हिरडी सपाट. स्कॅनमध्ये काही नाही. डॉक्टरांनी बजावलं की रक्ताची तपासणी आता कायम ठरावीक महिन्यांनी करायची, कारण ही जात पुढे हाडांत डोकं काढू शकते. ती भीती आहे. तपासणीच्या आदल्या दिवशी मला अजून जेवण जात नाही. बाकीचे दिवस मात्र जातं, आणि चव परतली आहे. तोंड कोरडं पडतं, पाण्याची बाटली जवळ लागते. कामावर मी पुन्हा जाते.

त्या दिवशी निघताना मी प्राजक्ताला म्हटलं, "थांब, खाली जाऊन येऊ."

मॅडम मायक्रोस्कोपवरच होत्या. मला ओळखायला त्यांना क्षणभर लागला. मी म्हटलं, "सगळं साफ आहे, मॅडम. सांगायला आले." त्यांनी चष्मा डोक्यावर सरकवला. "आमच्याकडे कुणी परत येत नाही, ताई. काच येते, काच जाते. बरं झालं आलात."

मी विचारलं, "मला बघायला मिळेल का?"

त्यांनी कपाटातून माझी काच शोधून काढली, लावली, आणि मला खुर्ची दिली. जांभळ्या-निळ्या गोल गोल पेशी, सगळ्या काचभर. "सूज असती तर चार जातींच्या पेशी मिसळलेल्या दिसल्या असत्या," त्या शेजारून सांगत होत्या. "इथे सगळ्या एकाच जातीच्या, आणि बघा, काहींच्या पोटात दोन दोन ठिपके. तिथे मी थांबले." मी बघत राहिले. भीती वाटेल असं वाटलं होतं. नाही वाटली. मग प्राजक्ताने बघितलं.

निघताना मॅडम म्हणाल्या, "एक विचारू? ही काच शिकणाऱ्या डॉक्टरांना दाखवायला ठेवली तर चालेल? पुढच्या वेळी अशी गाठ आली तर त्यांना ओळखता येईल. तुमचं नाव कुठे येणार नाही, फक्त नंबर."

"ठेवा," मी म्हटलं. "आणि नाव आलं तरी चालेल मला."

त्या हसल्या. तसं करता येत नाही, नियम आहे म्हणाल्या.

नियम काचेचा आहे, या कागदाचा नाही. माझं नाव सुनंदा. चिखलीला राहते, चाकणला तपासणीच्या टेबलावर काम करते. मी मशेरी लावत होते, मला हिरडीचा कॅन्सर झाला, आणि मी बरी आहे.